जुन्या मोटारीचे मागील ड्रम ब्रेक : घरी काम करताना

अमेरिकेत वापरात असलेल्या मोटारींचे व हलक्या वाहनांचे सरासरी वय २०२४मध्ये १२.६ वर्षांवर पोहोचले, अशी एस अ‍ॅण्ड पी ग्लोबल मोबिलिटी या संस्थेची नोंद आहे. हा आकडा आपल्यापैकी अनेकांच्या ड्राइव्हवेतच उभा असतो. शिक्षण संपल्यावर पहिल्या पगारातून घेतलेली गाडी. पुढे मोठी गाडी आल्यावरही रेल्वे स्थानकापर्यंत जाण्यायेण्यासाठी राखून ठेवलेली. आणि आता घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या वा मुलीच्या हाती द्यावयाची. इंजिन उत्तम आहे, गिअरबॉक्सची तक्रार नाही, रंग तेवढा उडाला आहे. अशा गाडीची किल्ली मुलांना देण्यापूर्वी जो भाग उघडून पाहावयास हवा आणि जो बहुधा वर्षानुवर्षे उघडलेला नसतो, तो म्हणजे मागील ब्रेक.

प्रस्तुत लेखात उदाहरणादाखल २००३ ते २००८ या मॉडेल-वर्षांची, अमेरिकेत विकली गेलेली टोयोटा कोरोला घेतली आहे. तिच्या सर्वसाधारण आवृत्त्यांना मागे ड्रम ब्रेक आहेत. एक्सआरएस या वेगवान आवृत्तीला मात्र मागेही डिस्क होत्या. इतर गाड्यांत तपशील बदलतील, तत्त्व बदलणार नाही. तरीही आपल्या गाडीची दुरुस्ती-पुस्तिका शेजारी असल्याशिवाय कामास हात घालू नये. बहुतेक निर्मात्यांच्या संकेतस्थळांवर ती अल्पमुदतीच्या वर्गणीने मिळते आणि अनेक सार्वजनिक ग्रंथालये आपल्या सभासदांना दुरुस्तीविषयक माहितीकोश विनामूल्य पाहू देतात. ग्रंथालयाचा हा उपयोग आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक असतो.

मागचे ब्रेक बोलत नाहीत

गाडी थांबू लागली की तिचे वजन पुढे झुकते. पुढचे टायर रस्त्यावर अधिक दाबले जातात, मागचे हलके होतात. त्यामुळे पुढील चाकांवर चालणाऱ्या, पुढे इंजिन असलेल्या गाडीत थांबवण्याचे दोन तृतीयांशांहून अधिक काम पुढचे ब्रेकच करतात. मागची चाके आधी जखडली तर गाडी गर्रकन फिरते. म्हणून मागील ब्रेकांकडे जाणारा दाब मुद्दाम कमी ठेवण्याची व्यवस्था केलेली असते. याचा परिणाम असा, की मागचे ब्रेक निकामी होत आले तरी रोजच्या शहरी वाहतुकीत चालकाला ते फारसे जाणवत नाही. गाडी थांबते. पेडल जरा खोल जाते एवढेच, आणि तेही इतक्या संथपणे बदलत जाते, की पायाला त्याची सवय होऊन जाते.

डिस्क ब्रेकचे पॅड झिजले की अनेकदा त्यावरील पत्र्याची जीभ चकतीला घासून किंचाळते. ड्रमच्या शूला अशी जीभ सहसा नसते. शिवाय सगळा संसार लोखंडी डब्यात झाकलेला. चाकाच्या आऱ्यांतून वाकून पाहिले तरी दिसणार काहीच नाही.

सरकारी तपासणीत हे उघडकीस येईल, या भरवशावरही राहता येत नाही. पेनसिल्व्हेनिया, न्यू यॉर्क, व्हर्जिनिया, मॅसॅच्युसेट्स येथे खासगी गाड्यांची दरवर्षी सुरक्षा-तपासणी होते. परंतु न्यू जर्सीने साध्या प्रवासी गाड्यांची यांत्रिक तपासणी २०१०मध्येच बंद केली, टेक्ससने १ जानेवारी २०२५पासून ती रद्द केली, आणि मिशिगन, ओहायो, इलिनॉय या राज्यांत अशी नियतकालिक तपासणी नाही. म्हणजे एडिसन, डॅलस किंवा शिकागोच्या उपनगरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या जुन्या गाडीचा ड्रम उघडून पाहण्याची जबाबदारी त्या कुटुंबाखेरीज कोणाचीही नाही.

जी गोष्ट झिजलेल्या ब्रेकची, तीच चुकीच्या जोडणीची. मागील ब्रेक चुकीचे जोडले तरी गाडी ड्राइव्हवेतून नीट बाहेर पडते, नीट परत येते. चूक उघडी पडते ती पावसात, उतारावर, किंवा कोणी अचानक आडवे आले तेव्हा. काम अवघड नाही. पण ते बरोबर झाले की नाही हे गाडी लगेच सांगत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्यावर स्वतः खात्री करून घेणे, हेच या कामाचे खरे स्वरूप आहे.

ड्रमच्या आत काय असते

चाकाबरोबर फिरणारा ओतीव लोखंडाचा डबा म्हणजे ड्रम. त्याच्या आत, न फिरणाऱ्या पत्र्याच्या थाळीवर, चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू बसवलेले असतात. शूच्या बाहेरच्या कडेवर घर्षणाचा थर असतो; आपल्याकडील गॅरेजमध्ये त्याला लायनर म्हणतात. वरच्या बाजूस दोन शूंच्या मध्ये व्हील सिलिंडर असतो. पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने त्यातील दोन छोटे पिस्टन बाहेर सरकतात आणि शू ड्रमला आतून चिकटतात. पाय काढला की स्प्रिंगा त्यांना मागे खेचतात. खालच्या टोकाला दोन्ही शू एका पक्क्या आधारावर टेकलेले असतात. मागच्या शूला पार्किंग ब्रेकची दांडी जोडलेली असते. शूंच्या मध्ये दातेरी चक्री असलेला आडवा अ‍ॅडजस्टर असतो. लायनर झिजत जाईल तसा तो लांब होत जाऊन शू ड्रमच्या जवळ ठेवतो.

या रचनेत पुढच्या शूला एक फायदा मिळतो. गाडी पुढे जात असता ड्रमचे फिरणे त्या शूला स्वतःकडे ओढून घेते आणि त्याची पकड आपोआप वाढते. लुई रेनॉने १९०२मध्ये ड्रम ब्रेकला आजचे रूप दिले, तेव्हापासून या ओढून घेण्यावरच त्याचे सामर्थ्य उभे आहे. तोट्याचे मूळही तेच. लायनरवर ब्रेक ऑइलचा किंवा ग्रीसचा डाग पडला, तर त्या चाकाची पकड एकदम घटते किंवा एकदम वाढते. डावे चाक एक करते आणि उजवे दुसरे. दोन्ही बाजू सारख्याच कमकुवत असणे वाईट खरे, पण दोन बाजूंनी भिन्न वागणे अधिक वाईट. म्हणून शू बदलायचे ते नेहमी दोन्ही मागील चाकांचे, एकाच वेळी, एकाच संचातले.

आधी ठरवायच्या गोष्टी

प्रथम जागेचा विचार. अनेक अपार्टमेंट संकुलांत आणि घरमालक संघटनांच्या वसाहतींत वाहनतळावर गाडी दुरुस्त करण्यास मनाई असते. भाडेकरार वाचावा. परवानगी असली तरी जमीन सपाट, काँक्रीटची हवी. उन्हाने तापलेल्या डांबरात स्टॅण्डचे पाय रुततात आणि उतारावरच्या ड्राइव्हवेत हे काम करूच नये.

गाडीच्या व्हीआयएन क्रमांकावरून काही रिकॉल प्रलंबित आहे का, हे राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत पाहता येते. असल्यास ते काम विक्रेत्याकडे विनामूल्य होते.

सुट्या भागांत शूचा संच, स्प्रिंगा व पिनांचा नवा संच आणि ब्रेक ऑइल ही किमान खरेदी. पंधरा-वीस वर्षे जुन्या गाडीत दोन्ही व्हील सिलिंडर बदलावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ते स्वस्त असतात, आणि नवे शू घातल्यावर सहा महिन्यांनी जुना सिलिंडर पाझरू लागला तर नव्या शूंचाही बळी जातो. ड्रम झिजला आहे का हे मोजूनच कळते. त्याच्यावर कमाल अंतर्व्यास कोरलेला असतो. त्यापुढे गेलेला ड्रम टाकून द्यावा. ड्रम वगळता हा सारा खर्च बहुधा १०० डॉलरच्या आसपास बसतो. लागणारी विशेष हत्यारे सुट्या भागांच्या मोठ्या साखळी-दुकानांतून अनामत ठेवून उसनी मिळतात.

येथे एका शब्दाविषयी थांबणे भाग आहे. पुण्या-मुंबईपासून कोल्हापूरपर्यंत आपण सगळे ज्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, ते तेल नव्हे. डॉट ३ आणि डॉट ४ या प्रकारांचे द्रव ग्लायकॉल वर्गातील रसायनांपासून केलेले असतात. केवळ नावावर विसंबून त्यात इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे तेल ओतले, तर मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंतचे रबरी वॉशर फुगून सगळी यंत्रणा बदलावी लागते. गेल्या पिढीतल्या, स्कूटरच्या सगळ्या भागांना एकाच तेलाच्या डब्यातून वंगण घालणाऱ्या माणसांकडून ही चूक अगदी सहज होते. या कोरोलाला डॉट ३ लागते. डॉट ४ त्यात मिसळते. पण डॉट ५ हे सिलिकोनचे वेगळेच द्रव असून ते चुकूनही घालू नये. ग्लायकॉलचे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३चा उत्कलनबिंदू कोरडे असता किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा शोषल्यानंतरची किमान मर्यादा १४० अंश आहे. लांब उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये हे पाणी उकळून वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल जमिनीला टेकते. म्हणून गॅरेजच्या फळीवर गेल्या वर्षी उघडून ठेवलेली बाटली वापरू नये. नवी, सीलबंद आणावी.

गाडी उचलणे

या कामात जिवाला धोका ब्रेकपेक्षा उचललेल्या गाडीचा अधिक. मागील ड्रम काढण्यासाठी पार्किंग ब्रेक सोडलेला असावा लागतो. म्हणजे ज्याच्या भरवशावर आपण एरवी गाडी उभी करतो, तोच येथे उपलब्ध नाही. कोरोला पुढील चाकांवर चालते, त्यामुळे ऑटोमॅटिक गाडी पार्कमध्ये ठेवल्यास पुढची चाके धरली जातात. तेवढ्यावर न थांबता दोन्ही पुढच्या चाकांना पुढून आणि मागून ओंडके लावावेत.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. मग जॅकने गाडी उचलून दाराखालच्या पट्टीवरील ठरवून दिलेल्या मजबूत जागी स्टॅण्ड लावावा, वजन त्यावर पूर्ण उतरवावे आणि गाडी हाताने जोरात हलवून पाहावी. हलायची असेल तर ती आपण तिच्याजवळ बसण्याआधीच हलू दे. डिकीतला जॅक फक्त पंक्चर झालेले चाक बदलण्यासाठी असतो. सिमेंटच्या पोकळ विटा, लाकडाची फोडकी चळत यांवर गाडी ठेवू नये. वीट भेगाळण्याची सूचना देत नाही. बर्फाळ राज्यांत रस्त्यावरच्या मिठाने दाराखालची पट्टी गंजून पोकळ झालेली असते. स्टॅण्ड पत्र्यात शिरताना दिसला तर गाडी खाली घ्यावी आणि काम तेथेच थांबवावे.

काढलेले चाक आडवे करून गाडीच्या खाली सरकवून ठेवावे. स्टॅण्ड सरकलाच तर गाडी त्या चाकावर अडते.

आणखी एक जुना नियम: एका वेळी एकच बाजू उघडावी. दुसरी बाजू न उघडता ठेवली म्हणजे कोणती स्प्रिंग कोठे होती हे पाहण्यासाठी जिवंत नमुना हाताशी राहतो. अर्थात डावी बाजू ही उजवीचे आरशातले प्रतिबिंब असते, हे ध्यानात ठेवून. त्याखेरीज भ्रमणध्वनीवर पाच-सहा कोनांतून छायाचित्रे घ्यावीत. स्प्रिंगांचे रंग आणि त्यांच्या आकड्यांची दिशा त्यांत स्पष्ट दिसली पाहिजे.

ड्रम निघत नाही तेव्हा

पहिली अर्धी झुंज येथेच होते. ड्रम हबला गंजाने धरलेला असतो. त्याच्या तोंडावर दोन आटे असलेली भोके दिसतील. त्यांत ८ मिलिमीटरचे दोन बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे पिळत गेले की ड्रम हबपासून सुटतो. आधी मधल्या कडेवर गंज सैल करणारे द्रव टाकून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. हातोडा वापरायचाच तर ड्रमच्या सपाट तोंडावर, चाकाच्या बोल्टांच्या मध्ये. कडेवर मारलेला घाव ड्रमचा तुकडा पाडतो.

ड्रम हबपासून सुटला, फिरतो आहे, तरीही बाहेर येत नाही, असे झाल्यास कारण वेगळे असते. वर्षानुवर्षांच्या झिजेने ड्रमच्या आत एक चर पडतो, त्याच्या कडेला कंगोरा उरतो आणि शू त्यात अडकतात. थाळीच्या मागे रबरी बूच लावलेले छिद्र असते. त्यातून एका स्क्रूड्रायव्हरने अ‍ॅडजस्टरची पट्टी दूर धरून दुसऱ्याने दातेरी चक्री उलटी फिरवली की शू आत येतात.

ड्रम निघाल्यावर आत काळी भुकटी दिसेल. तिला फुंकर मारू नये आणि कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता आजही पूर्ण संपलेली नाही. सुट्या भागांच्या बाजारात येणाऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसयुक्त ब्रेकवर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा नियम थेट मार्च २०२४मध्ये आला. आपल्या गाडीला कोणी, कधी, कोणते शू घातले हे आपणास ठाऊक नसते. खाली पसरट भांडे ठेवून पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरच्या मंद फवाऱ्याने भुकटी ओली करून खाली वाहू द्यावी, ओले कापड पिशवीत बांधून टाकावे आणि त्या कपड्यांनी घरात मुलांना उचलून घेऊ नये. ब्रेक क्लीनर क्लोरीनविरहित घ्यावा. क्लोरीनयुक्त द्रव तापलेल्या धातूवर विषारी वायू निर्माण करू शकतो.

काढताना काय पाहावे

शू काढण्यापूर्वी दोन मिनिटे फक्त पाहावे. लायनर १ मिलिमीटरच्या जवळ आला असेल तर त्याचे आयुष्य संपले. पुढचा शू खूप झिजला आणि मागचा जवळजवळ नवा असेल, तर त्यात काही नवल नाही. ओढून घेणाऱ्या शूचे काम अधिक असते. पण डाव्या चाकाचे शू संपलेले आणि उजव्याचे कोरे, असे दिसल्यास कोरे असलेल्या बाजूचा सिलिंडर जाम झाला आहे किंवा अ‍ॅडजस्टर फिरत नाही, असे समजावे. नुसते शू बदलून हा दोष जात नाही. मी पहिल्यांदा ड्रम उघडला तेव्हा एका बाजूचे शू इतके चांगले पाहून आनंदित झालो होतो. ते काम करत नव्हते म्हणून चांगले राहिले होते, हे समजायला दुसरी बाजू उघडावी लागली.

व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांची रबरी टोपी हलकेच उचलून पाहावी. आत किंचित ओलसरपणा चालतो; द्रव ओघळला तर सिलिंडर गेला. लायनरला द्रव लागले असल्यास तो धुऊन किंवा घासून वाचत नाही, कारण द्रव आत मुरलेले असते.

वरच्या व खालच्या स्प्रिंगा पक्कडीने, डोळ्यांवर चश्मा लावून काढाव्यात. ताणलेली स्प्रिंग निसटली तर तिची दिशा कोणी सांगू शकत नाही. शूला थाळीशी धरून ठेवणाऱ्या पिना दाबून वळवल्या की सुटतात. मागच्या शूवरून पार्किंग ब्रेकची दांडी काढून नव्या शूवर चढवावी लागते. ती धरणारी सी-आकाराची चकती बारीक असते आणि हमखास गवतात पडते. ड्रम निघालेला असताना कोणीही पेडल दाबता कामा नये. दाबल्यास पिस्टन बाहेर उडतात आणि साऱ्या द्रवाचा सडा पडतो. गाडीत लहान मूल बसवून काम करू नये, यामागे हेही कारण आहे.

कोठे थांबावे

सिलिंडर बदलायचा असेल तर त्याच्या मागे येणारी लोखंडी ब्रेक-नळी सोडावी लागते. साऱ्या कामात मोठा धोका असेल तर तो येथे आहे. गंजलेला नट नळीशी एकजीव झालेला असतो. नट फिरवताना नळीही पिळली जाते आणि तुटते. म्हणून आदल्या रात्रीपासून गंज सैल करणारे द्रव लावावे, साधा पाना न वापरता नटला जवळजवळ चहूबाजूंनी धरणारा ब्रेक-नळीचा पाना घ्यावा आणि नळी पिळली जाते आहे असे दिसताच हात काढावा. शू सोडण्याच्या आधीच हा नट आणि हवा काढण्याचा निपल हे दोन्ही सुटतात का, हे हलक्या हाताने अजमावून पाहावे. सुटत नसतील तर सर्व जसेच्या तसे ठेवून गाडी गॅरेजात नेता येते. शू काढून, नळी तोडून, मग ओढगाडी बोलवण्यापेक्षा हे बरे.

मिशिगन किंवा न्यू यॉर्कच्या उत्तर भागात दहा-पंधरा हिवाळे काढलेल्या गाडीच्या नळ्या बाहेरून खपलीसारख्या गंजलेल्या असतील, तर मागील ब्रेकचे काम घरी करूच नये. त्या गाडीला शूआधी नळ्यांची गरज आहे.

जोडणी

थाळीवर जेथे शूच्या कडा घासतात, ती सहा ठिकाणे चकचकीत झालेली दिसतात. ती तारेच्या ब्रशने साफ करून त्यांवर ब्रेकसाठीचे उच्च तापमानाचे ग्रीस नखभर लावावे. नखभर म्हणजे नखभरच. तापून ओघळलेले ग्रीस लायनरवर गेले की आपणच नव्या शूंचा घात केला.

अ‍ॅडजस्टर पूर्ण उघडून, आटे साफ करून, त्यांना किंचित ग्रीस लावून परत जोडावा. अनेक गाड्यांत डाव्या आणि उजव्या अ‍ॅडजस्टरचे आटे एकमेकांच्या उलट असतात. त्यांची अदलाबदल झाली तर लायनर झिजत जाईल तसा अ‍ॅडजस्टर लांब होण्याऐवजी आखूड होऊ लागतो. पहिल्या दिवशी सगळे नीट वाटते. काही महिन्यांत पेडल खोल जाऊ लागते आणि कारण कोणालाच सापडत नाही. एका वेळी एकच बाजू उघडण्याच्या नियमाचा खरा लाभ येथे होतो.

नवे शू हाताळताना हात स्वच्छ असावेत. स्प्रिंगा जोडून झाल्यावर आपल्या छायाचित्रांशी एकेक आकडा ताडून पाहावा. मग पार्किंग ब्रेकची दांडी हाताने ढकलून सोडावी. दोन्ही शू सारखे उघडून पुन्हा आपल्या जागी टेकले पाहिजेत.

आता अंतर जुळवणे. ड्रमचा आतील व्यास मोजून शूंचा बाहेरील व्यास त्यापेक्षा अर्ध्या-पाऊण मिलिमीटरने कमी ठेवावा. मोजमापाचे साधन नसल्यास ड्रम घालून, काढून, चक्री दोन-तीन दाते फिरवून पुन्हा घालून पाहत जावे. ड्रम जेमतेम सरकत आत जावा, फिरवताना अगदी हलकी घासण ऐकू यावी, पण तो अडू नये. अ‍ॅडजस्टर पुढे आपोआप काम करील म्हणून अंतर भरमसाट सोडून देणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. काही गाड्यांत तो पार्किंग ब्रेक ओढल्यावर, तर काहींत मागे जाताना ब्रेक दाबल्यावर सरकतो, आणि कधीच पार्किंग ब्रेक न ओढणाऱ्या घरात तो वर्षभर तसाच राहू शकतो. नवा ड्रम असेल तर त्यावरील गंजरोधक तेलाचा थर ब्रेक क्लीनरने पुसावा.

हवा काढणे

नळी सोडली असेल तर हवा काढल्याशिवाय गत्यंतर नाही. निपलवर पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक थोडे ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवावे. आत एक माणूस पेडलवर, बाहेर एक निपलवर. “दाब” म्हटल्यावर पेडल दाबले जाते, निपल उघडतो, बुडबुडे येतात. निपल बंद होतो, मगच “सोड”. हा क्रम चुकला तर बाहेरची हवा आत ओढली जाते. घरातल्या ज्या तरुण चालकाच्या हाती ही गाडी जायची आहे, त्यालाच पेडलवर बसवावे. हवा भरलेले पेडल पायाला कसे पोकळ लागते आणि हवा गेल्यावर कसे घट्ट होते, हे त्याला पुस्तकातून कळणार नाही.

जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नये. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात वॉशर वर्षानुवर्षे गेलेला नसतो, तेथे गंज व मळ साठलेला असतो आणि त्यावरून घासून वॉशर फाटतो. पेडलखाली लाकडाचा एक जाड ठोकळा ठेवावा. टाकीतील पातळी दर चार-पाच दाबांनंतर पाहून भरत राहावी. टाकी रिकामी झाली तर हवा मास्टर सिलिंडरमध्ये जाते आणि एबीएस असलेल्या गाडीत ती काढण्यासाठी संगणकीय उपकरण लागू शकते. बॉनेटच्या रंगावर सांडलेले द्रव रंग उखडते. ते ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावे.

रस्त्यावर जाण्यापूर्वी

चाकाचे नट आडव्या-तिरक्या क्रमाने, टॉर्क-पान्याने आवळावेत. या कोरोलासाठी ते माप १०३ न्यूटन-मीटर, म्हणजे ७६ फूट-पाउंड आहे. गाडी सुरू करण्यापूर्वी पेडल अनेकदा दाबून पाहावे. ते वरच्या वर घट्ट लागले पाहिजे आणि अर्धा मिनिट दाबून धरल्यावर खाली सरकता कामा नये. सरकले तर कोठेतरी गळती आहे. गाडी हलवू नये. पार्किंग ब्रेक पुस्तिकेत सांगितलेल्या खटक्यांत आवळला जातो का, हेही पाहावे. तो खूप वर येत असेल तर आधी शूंचे अंतर तपासावे. दोर ओढून दोष झाकण्याची सवय वाईट.

पहिली फेरी वसाहतीतल्या रिकाम्या रस्त्यावर, संथ. मग ताशी ५० किलोमीटरच्या आसपासच्या वेगावरून आठ-दहा वेळा मध्यम दाबाने वेग कमी करावा, प्रत्येक वेळी ब्रेक थंड व्हायला थोडे अंतर जाऊ द्यावे. गाडी एका बाजूला ओढते का, जळका वास येतो का, हे पाहावे. परतल्यावर दोन्ही मागील चाकांजवळ हात नेऊन उष्णता ताडावी; एक चाक दुसऱ्यापेक्षा बरेच तापले असेल तर तेथील शू सुटत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही मागील चाकांच्या आतल्या बाजूस टायरवर ओलीचा ओघळ आहे का ते पाहावे, आणि ८० ते १०० किलोमीटर गाडी चालल्यावर नट पुन्हा एकदा टॉर्क-पान्याने तपासावेत.

वापरलेले ब्रेक ऑइल गटारात किंवा गवतावर ओतू नये आणि इंजिन ऑइलच्या डब्यातही मिसळू नये. काउंटीच्या घातक घरगुती कचरा केंद्रावर ते वेगळ्या, चिठ्ठी लावलेल्या बाटलीतून नेऊन द्यावे. जुने शू दुकानात परत केल्यास काही ठिकाणी आगाऊ घेतलेली ‘कोअर’ रक्कम परत मिळते. कामाची तारीख, गाडीचे मैल आणि मोजलेला ड्रमचा व्यास एका कागदावर लिहून तो गाडीच्या खणात, विम्याच्या कागदांशेजारी ठेवावा.